विश्लेषण : बीटल्स फुटले, मग प्रत्येकाच्या गाण्यातून कोण ऐकू आले?

दिग्दर्शक सॅम मेंडिस बीटल्सवर एक नव्हे, चार चित्रपट करत आहेत. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या प्रत्येकाच्या नजरेतून एकेक. हॅरिस डिकिन्सन, पॉल मेस्कल, जोसेफ क्विन आणि बॅरी कीओघन या चौघांची निवड २०२५ मध्ये जाहीर झाली आणि एप्रिल २०२८ मध्ये चित्रपट पडद्यावर आणण्याचे ठरले आहे. एकाच बँडची गोष्ट चारदा सांगायची ही कल्पना अनेकांना नवलाची वाटली. खरे तर या चौघांनी ती स्वतःच एकदा सांगून ठेवली आहे. बँड फुटला त्या १९७० या एकाच वर्षात चौघांचे मिळून पाच सोलो अल्बम आले. ते शेजारी शेजारी ठेवून ऐकले, की बीटल्सच्या गाण्यांत कोणाचा वाटा काय होता, कोणावर कोणाचा प्रभाव होता आणि बँडमध्ये असताना कोणाचे काय दबून राहिले होते, याचा बराच उलगडा होतो.

सोलो अल्बममध्ये वेगळे काय असते?

गायक तोच, पण खोलीत 'नको' म्हणणारे कोणी नसते. रॉक बँडमध्ये गाणे एकाने आणले तरी ते चौघांच्या हातून जाते. कोणी ताल बदलतो, कोणी कडवे कापतो, कोणी नुसतेच नाक मुरडतो. १९६७ च्या 'गेटिंग बेटर'मध्ये पॉलच्या आशावादी ओळीला जॉनने तिथल्या तिथे एक तिरकस टोमणा जोडून दिला आणि गाण्याला चव आली. एकट्या पॉलने ते गोड केले असते, एकट्या जॉनने कडू.

बीटल्समध्ये ही व्यवस्था समान नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवे. बहुतेक गाणी 'लेनन-मॅकार्टनी' या जोडनावाने निघत. जॉर्जच्या वाट्याला उरलेली जागा. १९६८ च्या पांढऱ्या वेष्टनातल्या दुहेरी अल्बममध्ये ३० गाणी, त्यांत जॉर्जची ४. 'ॲबी रोड'वर १७, त्यांत २. ती दोन म्हणजे 'समथिंग' आणि 'हिअर कम्स द सन'. आज अनेकांना त्या अल्बममधली हीच दोन आधी आठवतात, हा भाग वेगळा.

चौघांचे कान कुठे तयार झाले?

लिव्हरपूल हे बंदर. अमेरिकेला जाणाऱ्या बोटींवरचे खलाशी परतताना तिकडच्या तबकड्या घेऊन येत. त्यामुळे ब्रिटनच्या इतर शहरांत सहसा न मिळणारे कंट्री, ब्लूज आणि ऱ्हिदम अँड ब्लूज तिथल्या घरांत पोहोचले होते. त्यात १९५६ मध्ये लॉनी डोनेगनच्या 'रॉक आयलंड लाइन'ने स्किफल या प्रकाराची लाट आणली. स्वस्तातली गिटार, कपडे घासण्याची पत्र्याची फळी, चहाच्या खोक्याला काठी आणि दोरी बांधून केलेला बेस, एवढ्या भांडवलावर पोरे बँड काढू लागली. जॉनचा 'क्वॉरीमेन' त्यांतलाच एक.

इथवर चौघांचे सारखेच. पुढे घरे वेगळी होतात.

पॉलचे वडील जिम हे हौशी जॅझ बँड चालवत, पियानो आणि ट्रम्पेट वाजवत. घरात दोन महायुद्धांमधल्या काळातली नाचाची गाणी, सगळ्यांनी पियानोभोवती जमून म्हणायची. त्यावर पॉलने स्वतः लिटल रिचर्डची आरोळी आणि बडी हॉलीची सुबक रचना चढवली. जॉनला पहिले स्वर आई ज्युलियाने शिकवले, तेही बँजोवर. तो तिच्यापासून दूर, मावशीकडे वाढला आणि १९५८ मध्ये रस्त्यावरील अपघातात ती गेली. त्याचे दैवत एल्विस प्रेस्ली. जॉर्ज हा कार्ल पर्किन्स आणि चेट ॲटकिन्स यांच्या गिटारचा भक्त, इतका की १९६० च्या दौऱ्यात त्याने 'कार्ल हॅरिसन' असे नाव लावले होते. रिंगोला कंट्री आणि ब्लूजचे इतके वेड, की लाइटनिन हॉपकिन्स या ब्लूज गायकाच्या ओढीने विशीच्या आत त्याने टेक्सासमधल्या ह्यूस्टनला स्थलांतर करण्याची खटपट केली. अर्जांची भेंडोळी पाहून तो बेत बारगळला. ते अर्ज सोपे असते तर बीटल्सचा ड्रमर दुसराच कोणी असता.

यादीत सगळे अमेरिकी आहेत, हे दिसतेच. चौघांपैकी एकाच्या यादीत मात्र पुढे एका भारतीयाचे नाव आले.

त्याचा मुंबईशी काय संबंध?

बीटल्सपैकी कोणाच्याही नावावर निघालेला पहिला सोलो अल्बम म्हणजे जॉर्जचा 'वंडरवॉल म्युझिक', नोव्हेंबर १९६८. (पॉलने त्याआधी 'द फॅमिली वे' या चित्रपटाला संगीत दिले होते, पण तबकडीवर नाव होते निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या वाद्यवृंदाचे.) 'वंडरवॉल म्युझिक'चा मोठा हिस्सा जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत, फोर्टमधल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला.

जॉर्जसाठी मुंबई नवी नव्हती. सप्टेंबर १९६६ मध्ये पं. रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी तो ताजमहाल हॉटेलात खोट्या नावाने उतरला होता. बातमी फुटली, खाली गर्दी जमली आणि गुरू-शिष्यांना काश्मीर गाठावे लागले. दुसऱ्या खेपेस तो संगीतकार म्हणून आला. अल्बमच्या श्रेयनामावलीत संतूरवर पं. शिवकुमार शर्मा, सतारीवर शंभू दास, बासरीवर एस. आर. केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा अशी नावे आहेत. स्टुडिओत बाहेरचा आवाज येत असे. जॉर्जने नंतर सांगितले, की नीट कान दिल्यास काही तुकड्यांत रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतात आणि साडेपाचला वरची कार्यालये सुटली, की जिन्यावरच्या पावलांमुळे काम थांबवावे लागे. फोर्टात नोकरी केलेल्या कोणालाही हा साडेपाचचा जिना डोळ्यांपुढे येईल.

याच मुक्कामात 'द इनर लाइट' या गाण्याचे वाद्यसंगीतही ध्वनिमुद्रित झाले. ते पुढे बीटल्सच्या 'लेडी मॅडोना' या तबकडीच्या मागच्या बाजूला आले. जॉन, पॉल आणि रिंगो यांपैकी कोणीही तेव्हा मुंबईत नव्हते. बँडचा एक सदस्य तिघांना मागे ठेवून स्वतःची माणसे, स्वतःची वाद्ये आणि स्वतःचा गुरू शोधू शकतो, हे इथे पहिल्यांदा दिसले.

आणि १९७० मध्ये नेमके काय घडले?

क्रम असा. २७ मार्चला रिंगोचा 'सेंटिमेंटल जर्नी'. १७ एप्रिलला पॉलचा 'मॅकार्टनी', त्याच्या आठवडाभर आधी बँड सोडल्याचे सूचित करणारी त्याची प्रश्नोत्तरे. ८ मे रोजी बीटल्सचा शेवटचा अल्बम 'लेट इट बी'. सप्टेंबरच्या अखेरीस रिंगोचाच 'बोकूज ऑफ ब्लूज'. २७ नोव्हेंबरला जॉर्जचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास', तीन तबकड्यांचा. ११ डिसेंबरला जॉनचा 'जॉन लेनन/प्लास्टिक ओनो बँड'. चौघांपैकी एकानेही तेव्हा वयाची एकतिशी गाठलेली नव्हती.

पॉलने घरी एकट्याने काय केले?

लंडनच्या सेंट जॉन्स वूडमधल्या घरात पॉलने चार ट्रॅकचे स्टुडर यंत्र आणवले. मिक्सरचे टेबल नाही, आवाजाची पातळी दाखवणारा काटा नाही. मायक्रोफोनची वायर थेट यंत्राच्या मागे खुपसायची आणि ध्वनिमुद्रण करायचे. ड्रम, बेस, गिटार, पियानो सगळे त्याचेच, साथीला आवाज फक्त पत्नी लिंडाचा. पहिला छोटा तुकडा तर यंत्र चालते का, हे पाहण्यासाठी वाजवलेला. काही काम नंतर मॉर्गन आणि ॲबी रोड या स्टुडिओंत झाले, तिथेही जागा 'बिली मार्टिन' या बनावट नावाने राखलेली.

अल्बममध्ये 'मेबी आय ॲम अमेझ्ड' हे त्याच्या सर्वोत्तम गाण्यांपैकी एक आहे. पियानोच्या ठाशीव स्वरांवर गळा ताणणारी ती गायकी म्हणजे लिटल रिचर्ड अधिक चर्चमधले गॉस्पेल. हृषीकेशच्या मुक्कामातले 'जंक' आहे, त्यात वडिलांच्या काळातल्या वॉल्ट्झची झुळूक आहे. 'हॉट ॲज सन' ही धून तर त्याने पन्नाशीच्या दशकातच केलेली. पण उरलेल्यांत अर्धवट सोडलेल्या धून बऱ्याच आहेत. जॉन असता तर त्यातल्या निम्म्या यंत्रातच राहिल्या असत्या, असे वाटत राहते. तेव्हाच्या समीक्षकांनी अल्बमला झोडपले. आज एका खोलीत, एका माणसाने, थोड्या यंत्रांवर केलेल्या संगीताचा तो पूर्वज मानला जातो. पॉल स्वतःही त्या पद्धतीकडे दोनदा परतला : १९८० मध्ये 'मॅकार्टनी टू' आणि टाळेबंदीच्या २०२० मध्ये 'मॅकार्टनी थ्री'.

जॉर्ज आणि जॉन यांची तुलना सर्वांत रंजक का?

कारण दोन्ही अल्बममध्ये माणसे जवळपास तीच आहेत. सहनिर्माता फिल स्पेक्टर दोन्हीकडे. ड्रमवर रिंगो दोन्हीकडे. हॅम्बुर्गच्या दिवसांपासूनचा मित्र क्लाउस फोरमन बेसवर दोन्हीकडे. कळवाद्यांवर बिली प्रेस्टनही दोन्हीकडे आहे. दोन अल्बमच्या प्रकाशनात अंतर १४ दिवसांचे. तरी एक ऐकून दुसरा लावला तर माणसे बदलली, देश बदलला, काळ बदलला असे वाटते. जो फरक आहे तो केवळ ज्याचे नाव वेष्टनावर आहे त्याचा.

जॉर्जने स्पेक्टरला हवे ते करू दिले. स्पेक्टरची ख्याती 'वॉल ऑफ साऊंड' या तंत्रासाठी : एकाच प्रकारची अनेक वाद्ये एका वेळी वाजवायची, त्यांवर घुमारा चढवायचा, म्हणजे वेगवेगळे आवाज न उरता आवाजाची भिंत उभी राहते. 'ऑल थिंग्ज मस्ट पास'मध्ये एरिक क्लॅप्टन आहे, बॅडफिंगर या बँडचे गिटारवाले आहेत, नॅशव्हिलहून बोलावलेला पेडल स्टील गिटारवादक पीट ड्रेक आहे. तिसरी तबकडी तर या मंडळींच्या मोकळ्या वादनाची. ती वगळून ऐकली तरी फार बिघडत नाही.

महत्त्वाचे आहे ते गाण्यांचे वय. 'इझन्ट इट अ पिटी' १९६६ चे. 'आर्ट ऑफ डाइंग'ची सुरुवातही तेव्हाचीच. शीर्षकगीताची बीटल्सने जानेवारी १९६९ मध्ये तालीम केली होती, पण ते घेतले नाही. बॉब डिलनच्या वूडस्टॉकमधल्या घरी १९६८ च्या नोव्हेंबरात दोघांनी मिळून लिहिलेले गाणे अल्बमच्या सुरुवातीलाच आहे. डिलन आणि त्याचे साथीदार 'द बँड' यांच्याकडे जॉर्जला जे दिसले ते त्याच्या स्वतःच्या बँडमध्ये नव्हते : कोणी मुख्य नाही, कोणी दुय्यम नाही, सगळे मिळून वाजवतात. चार वर्षे साठलेले पाणी धरण फुटल्यासारखे बाहेर आले, म्हणून तीन तबकड्या.

मग भारतीय संगीताचे काय झाले? या अल्बममध्ये सतार नाही. १९६८ मध्येच जॉर्जने ती बाजूला ठेवली. लहानपणापासून रियाज केलेल्यांच्या पंक्तीला आपण बसू शकणार नाही, हे त्याला कळून चुकले होते. पण १९६९ च्या डिसेंबरात डेलनी अँड बॉनी यांच्याबरोबर दौऱ्यावर असताना त्याने स्लाइड गिटार हाती घेतली. बोटात नळी घालून ती तारांवर सरकवत वाजवायची ही रीत आपल्याला हवाईयन गिटारमुळे परिचित आहे. ब्लूजवाले तिच्यातून रडका, खरखरीत आवाज काढतात. जॉर्जचा स्लाइड तसा नाही. तो एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता, नेमके ठिकाण धरून, गळ्यासारखा सरकतो. सतारीवर तार ओढून शिकलेली मींड इथे नळीने आली, असे म्हणायला जागा आहे. 'माय स्वीट लॉर्ड'च्या सुरुवातीचे ते दोन स्लाइड ऐका, म्हणजे पटेल. प्रभाव म्हणजे वाद्य उचलणे नव्हे, याचे इतके चांगले उदाहरण रॉकमध्ये क्वचितच आहे.

जॉनचा अल्बम याच्या उलट टोकाला. आवाज, एक गिटार किंवा पियानो, बेस, ड्रम. संपले. भिंत बांधणाऱ्या स्पेक्टरला इथे वीट हाती घेऊ दिलेली नाही. जॉनने त्या वर्षी आर्थर जॅनोव्ह यांच्याकडे 'प्रायमल थेरपी' घेतली होती. बालपणाचे दुःख ओरडून बाहेर काढायचे, अशी ती पद्धत. पहिले गाणे 'मदर' चर्चच्या संथ घंटेने सुरू होते आणि आरोळीत संपते. अल्बमचा शेवट आईच्या मृत्यूवरच्या, पोरांच्या बडबडगीतासारख्या चालीच्या एका छोट्या तुकड्याने होतो. बीटल्सच्या गाण्यांत जॉनच्या मागे नेहमी पॉल आणि जॉर्जचे स्वर असत. इथे मागे कोणी नाही. त्या रिकाम्या जागेचा आवाज संपूर्ण अल्बमभर ऐकू येतो.

'गॉड' या गाण्यात तो आपला कशाकशावर विश्वास नाही, याची यादीच वाचतो. त्यात एल्विस आहे, डिलन आहे (मूळ आडनावाने, झिमरमन म्हणून) आणि शेवटी बीटल्स. त्याच यादीत मंत्र, गीता आणि योगही आहेत. जॉर्ज 'हरे कृष्ण' गातो आणि दोनच आठवड्यांनी जॉन हे सारे नाकारतो! हृषीकेशला दोघे बरोबरच गेले होते.

गंमत अशी, की नाकारून प्रभाव जात नाही. 'वर्किंग क्लास हीरो' हे एका गिटारवरचे, बोलल्यासारखे, कडवट गाणे डिलनशिवाय सुचले असते का? आणि अल्बमभर जॉनच्या आवाजाला जो झटपट उमटणारा प्रतिध्वनी दिला आहे, तो एल्विसच्या मेम्फिसमधल्या पहिल्या तबकड्यांची थेट आठवण करून देतो. देवळाबाहेर उभे राहून देव नाही म्हणणाऱ्याच्या अंगाला धुपाचा वास यावा, तसे हे आहे.

रिंगोला कमी लेखले जाते का?

बहुतांशी हो. 'सेंटिमेंटल जर्नी' त्याने आईसाठी केला. घरच्या मेळाव्यांत म्हटली जाणारी जुनी लोकप्रिय गाणी, प्रत्येकाचे वाद्यसंयोजन वेगळ्या माणसाकडे : एक क्विन्सी जोन्सकडे, एक 'बी जीज'च्या मॉरिस गिबकडे, एक चक्क पॉलकडे. वेष्टनावर लिव्हरपूलमधल्या त्याच्या वस्तीतला दारूचा गुत्ता आणि खिडक्यांत नातेवाईकांचे फोटो. रॉकवाल्यांनी नाके मुरडली. मात्र पॉलने वडिलांच्या काळातल्या गाण्यांचा 'किसेस ऑन द बॉटम' २०१२ मध्ये काढला तेव्हा तो ६९ वर्षांचा होता. रिंगोने तेच काम २९व्या वर्षी केले होते.

'बोकूज ऑफ ब्लूज' त्याहून चांगला. जॉर्जच्या ध्वनिमुद्रणासाठी आलेल्या पीट ड्रेकला रिंगोच्या गाडीत कंट्री गाण्यांच्या टेप दिसल्या. बोलणे झाले आणि जूनअखेर रिंगो नॅशव्हिलमध्ये होता. तिथल्या गीतकारांची नवी गाणी, दोन-तीन दिवसांत अल्बम तयार. मागे गाणारे 'जॉर्डनेअर्स' एल्विसचे. ड्रमवर डी. जे. फोन्टाना, एल्विसचाच. ध्वनिमुद्रण अभियंता स्कॉटी मूर, म्हणजे एल्विसचा गिटारवाला! रिंगोचा आवाज मर्यादित आहे, पण कंट्री गाण्याला पल्लेदार आवाज लागत नाही, सोसल्याचा खरेपणा लागतो. ज्या शैलीच्या ओढीने कधी देश सोडायला निघाला होता, तिथे तो पाहुण्यासारखा नव्हे, घरच्यासारखा गातो.

प्रभाव कुठे संपतो आणि उचलेगिरी कुठे सुरू होते?

या प्रश्नाची किंमत जॉर्जने रोख मोजली. 'माय स्वीट लॉर्ड' हे बीटल्सपैकी कोणाचेही पहिले सोलो गाणे, जे अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेले. एडविन हॉकिन्स यांच्या गायकवृंदाचे 'ओ हॅपी डे' हे गॉस्पेल गीत ऐकून ते सुचले, असे त्याने सांगितले होते. गाण्यात मागचा वृंद 'हॅलेलुया' म्हणता म्हणता 'हरे कृष्ण'वर येतो आणि पुढे 'गुरुर्ब्रह्मा' श्लोकावर. दावा मात्र आला तिसऱ्याच गाण्यावरून. 'द शिफॉन्स' या मुलींच्या गटाचे १९६३ चे 'ही इज सो फाइन'. त्याचा गीतकार रॉनी मॅक त्याच वर्षी वारला होता. हक्क 'ब्राइट ट्यून्स' या कंपनीकडे होते.

खटला न्यूयॉर्कमध्ये फेब्रुवारी १९७६ मध्ये चालला. न्यायाधीश रिचर्ड ओवेन हे स्वतः ऑपेरा रचणारे संगीतकार, त्यामुळे निकालपत्र स्वरांची चिरफाड करते. ते आपल्या सरगमीत मांडले तर असे : मूळ गाण्यात 'प ग रे' हा तुकडा चार वेळा, मग 'प ध सां ध सां' हा तुकडा चार वेळा, त्यांत एके ठिकाणी कणस्वर लागून 'प ध सां ध रें सां'. जॉर्जच्या गाण्यात पहिला तुकडा चार वेळा, दुसरा तीन वेळा, चौथ्याच्या जागी तेवढ्याच लांबीची जोडणी आणि तो कणस्वर त्याच ठिकाणी.

गाणे शिकलेल्या कोणाच्याही लक्षात येईल, की हे पाचही स्वर भूपातले आहेत. जगभरच्या लोकगीतांत ते सापडतात आणि भूपावर कोणाची मालकी नसते. न्यायालयाचा मुद्दाही स्वरांचा नव्हताच. क्रम, आवर्तने आणि तो कणस्वर, हे तिन्ही एकत्र जुळणे योगायोग नव्हे, एवढेच म्हणणे होते. जॉर्जने कोर्टात गिटार वाजवून गाणे कसे घडत गेले ते दाखवले. न्यायाधीशांनी त्याने जाणूनबुजून चोरी केली असे म्हटले नाही. आधी ऐकलेले गाणे नकळत मनातून वर आले, पण कायद्याच्या दृष्टीने तेही उल्लंघनच, असा निकाल दिला.

इथे बीटल्सचा पहिला अल्बम आठवावा. १९६३ च्या 'प्लीज प्लीज मी'वर मुलींच्या गटांची तीन गाणी आहेत आणि त्यांतले 'चेन्स' हे 'द कुकीज' या गटाचे गाणे गायले आहे जॉर्जने. 'ही इज सो फाइन' ज्या गल्लीतले, त्या गल्लीत त्याचे पाय कधीच मळलेले होते. बँड असता तर कोणीतरी स्टुडिओत सहज म्हणाले असते, 'अरे, हे तर शिफॉन्सचे!' सोलो अल्बममध्ये तसे म्हणणारे कोणी नव्हते, किंवा असूनही बोलले नाही.

पुढचा भाग संगीतापेक्षा व्यापाराचा. जॉर्जचा पूर्वीचा व्यवस्थापक ॲलन क्लाइन याने १९७८ मध्ये ५ लाख ८७ हजार डॉलरला 'ब्राइट ट्यून्स'चे हक्कच विकत घेतले, म्हणजे खटल्यात तो जॉर्जच्या बाजूने होता तो आता समोर गेला. गाण्याच्या कमाईतली देय रक्कम जवळपास १६ लाख डॉलर निघाली होती. क्लाइनला या उलटफेरातून नफा मिळू नये म्हणून १९८१ मध्ये न्यायालयाने ती त्याच्या खरेदीच्या किमतीइतकी खाली आणली. मधल्या काळात जॉर्जने या सगळ्यावर 'धिस साँग' नावाचे खट्याळ गाणे केले.

जॉनही सुटला नाही. 'कम टुगेदर'चे चक बेरीच्या 'यू कान्ट कॅच मी'शी साम्य असल्याचा दावा हक्कधारक मॉरिस लेव्हीने केला. तडजोड अशी झाली, की जॉनने लेव्हीच्या मालकीची तीन गाणी आपल्या पुढच्या अल्बममध्ये गायची. १९७५ चा 'रॉक 'एन' रोल' अल्बम, ज्याच्या वेष्टनावर हॅम्बुर्गमधल्या दारात उभा तरुण जॉन आहे आणि जो आवडत्या पूर्वसूरींना वाहिलेली आदरांजली म्हणून ओळखला जातो, तो काही अंशी कोर्टाबाहेरच्या तडजोडीचा हप्ता आहे.

इतर बँडच्या सोलो अल्बमचे काय?

बहुतेक बँडमध्ये ते वर्षानुवर्षांच्या अंतराने येतात, त्यामुळे सरळ तुलना होत नाही. अपवाद अमेरिकेतल्या 'किस' या रंगवलेल्या चेहऱ्यांच्या बँडचा. त्यांनी १८ सप्टेंबर १९७८ या एकाच दिवशी चौघांचे चार अल्बम बाजारात आणले. हा मुळात व्यापारी डाव होता, तरी त्यातून माणसे उघडी पडलीच. पॉल स्टॅन्लीचा अल्बम जवळपास 'किस'चाच. पीटर क्रिसचा सोल संगीताकडे झुकलेला, सहनिर्माता व्हिनी पोन्शिया, जो रिंगोचा जुना सहकारी. जीभ काढून आग ओकणाऱ्या जीन सिमन्सच्या अल्बममध्ये बीटल्सच्या वळणाची नाजूक गाणी निघाली आणि शेवटी डिस्नेच्या जुन्या कार्टूनपटातले गीत! लोकांना सर्वाधिक भावला तो गिटारवाला एस फ्रेली, ज्याला बँडमध्ये गाण्याची संधी सर्वांत कमी मिळे. जॉर्ज हॅरिसनची गोष्ट पुन्हा, फक्त रंग फासून.

मोबाइलवर ऐकायचे तर कुठून सुरुवात करावी?

पाचही अल्बम स्ट्रीमिंगवर सहज सापडतात. वेळ कमी असेल तर 'माय स्वीट लॉर्ड' आणि 'गॉड' लागोपाठ लावा, तेही इअरफोन घालून. स्पीकरवर स्पेक्टरची भिंत नुसताच गोंगाट वाटते. त्यानंतर जॉनचा 'रॉक 'एन' रोल' आणि पॉलचा १९९९ चा 'रन डेव्हिल रन' यांची अदलाबदल करत बघा. दोघेही आपल्या पोरवयातली अमेरिकी रॉक अँड रोल गाणी गातात. जॉन त्यांना जड, घुमारेदार करतो. पॉल आई-वडील घरी नसताना केलेल्या तालमीच्या जोशात वाजवतो, तेही पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरला गिटारवर घेऊन.

रिंगोसाठी मागे जायची गरज नाही. १० जानेवारी २०२५ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, त्याचा 'लुक अप' हा अल्बम आला. निर्माता टी बोन बर्नेट, सोबत बिली स्ट्रिंग्ज आणि मॉली टटल हे तरुण ब्लूग्रास कलाकार. संगीत अर्थातच कंट्री.